गुलाबाच्या जागी नाव

टक्!

झाकलेल्या पातेल्यात उकडायला ठेवलेल्या तिसऱ्यांतली, खाडीच्या शिंपल्यांतली, पहिली उघडली. मग दुसरी. मग टकटक टकटक करत सगळ्याच शिंपा तोंड उघडू लागल्या. एरवी हा आवाज घरातल्या गलक्यात कुणाच्या कानावरही पडत नसे. पण त्या दिवशी सकाळपासून होडेकरांच्या घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं, त्यामुळे तो थेट ओटीवर बसलेल्या मुस्तफाशेठांपर्यंत गेला.

"तिसऱ्यांनी तोंडां उघडली," पेपर खाली न घेताच ते म्हणाले. "आता सूनबाई केदवा उघडता बघूया."

अर्शियाने गॅस बारीक केला, पण तोंड उघडलं नाही.

वाचकहो, घरात काही वाईट घडलं होतं असं समजू नका. उलट, आनंदाने घर डोक्यावर घ्यावं अशी गोष्ट घडली होती! दोनच दिवसांपूर्वी विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेचा निकाल लागला होता. कुठकुठल्या शहरांतल्या, मोठमोठ्या कॉलेजांतल्या मुलामुलींना मागे टाकून सुवर्णपदक आलं होतं ते मसुऱ्याच्या खाडीकाठी, एका सहा वर्षांच्या मुलीच्या आईला. अर्शिया शाहीद होडेकर! लग्नानंतर सुटलेलं शिक्षण तिने पुन्हा धरलं होतं. लेकीला मांडीवर झोपवत पुस्तकं वाचली होती, भाकऱ्या थापता थापता उत्तरं पाठ केली होती. आणि खाडीतल्या तिसऱ्यांवर दोन वर्षं राबून तिने जो अहवाल लिहिला, त्याला हे पदक मिळालं होतं.

त्याच आनंदात मुस्तफाशेठांनी गावातले तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर फ्लेक्स लावला. आणि तिथेच माशी शिंकली.

सकाळी लेकीला, अलीजाला, शाळेत सोडून येताना अर्शियाने तो पाहिला. वर मोठ्या अक्षरांत, 'विद्यापीठात सुवर्णपदक! सुप्रसिद्ध सुकी मासळी व्यापारी मा. मुस्तफाशेठ होडेकर यांच्या सूनबाईंचे हार्दिक अभिनंदन!' मध्यभागी पांढऱ्या सदऱ्यात मुस्तफाशेठ. बाजूला तिचा नवरा शाहीद. भोवती गावातले आठ प्रतिष्ठित, हात जोडलेले. आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे सूनबाईंचा फोटो असायला हवा, तिथे एक टपोरा लाल गुलाब. दोनदा वाचलं तिने, खालपासून वरपर्यंतही वाचलं. 'अर्शिया' हे नाव कुठेच नव्हतं.

शेवटी तिची सासू रुकय्या हिनेच कोंडी फोडली. लसूण सोलता सोलता ती ओटीच्या दिशेने म्हणाली, "शाहीदच्या बापानू, माका एक सांगा. त्या कोपऱ्यातल्या गुलाबाक विद्यापीठान पदक दिलां काय?"

पेपर खाली आला. "आता ह्या काय नवीन?"

"नाय, म्हणजे परीक्षा त्या गुलाबान दिली, चिखलात तो उतरलो, रात्री-अपरात्री तेणां लिवल्यान, असां वाटतां बघणाऱ्याक."

"अगो, चारचौघांत सुनेचो फोटो टांगूचो काय तिठ्यार? आणि नाव कशाक व्हयां? सगळ्यांका म्हायत आसा मुस्तफाची सून कोण ती. फ्लेक्सवाल्या मितेशनच विचारल्यान, 'शेठ, फुल खंयचां टाकू? गेल्या वर्षी सावंतांच्या संचिताक नर्सिंगात पयलो नंबर इलो, तिका मोगरो घातलेलो.' मी म्हटलंय, आमच्या सुनेक गुलाब घाल. मोठो घाल!"

त्यांच्या आवाजात खरोखरच कौतुक होतं. तेच तर अवघड होतं. रागावायला समोर दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं!

मग मात्र अर्शिया बोलली. "अब्बा, तुमचां प्रेम माका कळतां. पण दोन वर्षां मी तंगडीभर चिखलात उभी रवलंय. माझां नाव लिवणा एवढां जड झालां?"

मुस्तफाशेठांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझ्या ध्यानातच येवक नाय," ते हळूच म्हणाले. "खरांच सांगतंय, ध्यानातच येवक नाय."

"ध्यानात येणा नाय, हेच तर दुखणा," रुकय्या म्हणाली. "तीस वर्षां बांगड्याक मीठ मी लावतंय आणि दुकानाच्या पाटयेर नाव मुस्तफा अँड सन्स. तुमच्या पण मनात काय वायट नव्हतां, माझ्या पण मनात काय इलां नाय. ज्याचां नाव कोण घेणत नाय, तेचां काम पण हळूहळू दिसाचां बंद होतां."

फ्लेक्स उतरवून नवा लावायचं ठरलं. अर्शियाचं मन हलकं झालं. आपण जिंकलो, असं तिला वाटलं. पण बायांनो आणि बाप्यांनो, खरी परीक्षा अजून व्हायचीच होती, आणि ती घ्यायला मागच्या दारी तुळसा येत होती.

*

तुळसा खाडीपलीकडची. वय विचारलं तर म्हणायची, "साठ झाली आसतीत, नायतर सत्तर." नवरा महादू होडीवर होता, तो जाऊन पस्तीस वर्षं झाली. तेव्हापासून तिसऱ्या काढून, त्या मसुऱ्याच्या बाजारात विकून तिने दोन मुलगे वाढवले. अर्शियाला खाडी शिकवली ती तुळसानेच.

पहिल्या दिवशी अर्शिया गमबूट घालून चिखलात उतरली होती. तुळसा काठावर उभी राहून पोट धरून हसली होती. "काढ ती बुटां! तिसरे डोळ्यांनी बघूचे नसतत गो, पायान बघूचे असतत." मग बोटांनी चिखल चाचपत चालायला तिने शिकवलं. टोचतं ते कालव, घसरतं ते रिकामं शिंपलं आणि गुपचूप बसून राहतं ती जिवंत तिसरी.

आणि तिनेच सांगितली होती राखणीची गोष्ट. खाडीत चिखलाच्या तीन मोठ्या पाळी, म्हणजे ओहोटीला उघडे पडणारे पट्टे, होत्या. दरवर्षी तिसऱ्या काढणाऱ्या बाया त्यांतली एक पाळ राखणदाराला, खाडी राखणाऱ्या देवाला, सोडत. लाल फडकं बांधलेली काठी तिथे रोवली, की वर्षभर त्या पाळीत कुणीही पाय घालायचा नाही. पुढच्या वर्षी दुसरी पाळ. गावातल्या पुरुषांना वाटे, बायकांची देवभोळी समजूत. अर्शियाने मात्र चिखलावर चौकट टाकून तिच्यातल्या तिसऱ्या मोजल्या, महिन्यामागून महिने मोजल्या, आणि दाखवून दिलं की राखलेल्या पाळीत तिसऱ्या तिप्पट होतात. शेजारच्या खाडीत ही रीत मोडली, तिथल्या तिसऱ्या जवळजवळ संपल्या. परीक्षकांनी वाखाणलं होतं ते नेमकं हेच. 'पाळी आलटून पालटून राखण्याची कल्पना उजेडात आणणारं मौलिक संशोधन,' असे शब्द होते निकालपत्रात.

तर अशी ती तुळसा डोक्यावरची पाटी उतरवून मागच्या पडवीत बसली. "काय गो, तिठ्यार गुलाब फुललो म्हणे!"

रुकय्या हसत सुटली. अर्शियाने सगळी हकिगत सांगितली. बोलताना तिचा आवाज पुन्हा तापला. "तूच सांग मावशी, मी राबायचां आणि माझां नाव नाय? ह्या बरां काय?"

"अजिबात बरां नाय," तुळसा म्हणाली. "जेणां केल्यान तेचां नाव होया." मग तिने लुगड्याला हात पुसले. "आणि तां पदकाचां पुस्तक माका पण दाखय मगे. माका वाचूक येणा नाय, पण हात लावन बघतंय."

शाळेतून आलेली अलीजा हे ऐकून उड्या मारत आत गेली आणि जाडजूड अहवाल दोन्ही हातांनी कवटाळून घेऊन आली. तिला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. दिसेल तो शब्द, बिस्किटाच्या पुड्यावरचाही, ती सोडत नसे.

"तुळसाआजी, मी तुझां नाव शोधून दाखयतंय हां!" ती तुळसाला टेकून बसली आणि बोट फिरवू लागली. "तु... तु... हयसर नाय." पान उलटलं. "हयसर पण नाय." आणखी पानं उलटली. तिचं इवलंसं बोट ओळींवरून सरकत राहिलं.

"अम्मी, तुळसाआजी खंय आसा हेच्यात?"

अर्शियाने पुस्तक हातात घेतलं. सतरावं पान काढलं. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. 

"ही. 'माहितगार क्रमांक सात.'"



"सात?" तुळसाने विचारलं. ती रागावली नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं. "अगो, रेशनाच्या रांगेत पण माका नावान बोलयतत!"

"तशी रीत असता मावशी. माहिती देणाऱ्याचां नाव लिवचां नाय, नंबर लिवचो..."

"असात. तुमची रीत तुमका म्हायत." तुळसाने पाटी उचलली, चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि जाता जाता हसून म्हणाली, "म्हणजे तुझ्या पुस्तकात माझो पण गुलाबच छापलंस म्हण!"

ती गेली. हसतच गेली. पण ते वाक्य अर्शियाच्या काळजात कालवाच्या धारेसारखं रुतलं. सकाळपासून ती ज्या अन्यायावर चिडली होती, तोच अन्याय तिने स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात, सतराव्या पानावर केला होता! आणि तिच्याही ध्यानातच आलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गुरुप्रसाद सरांकडे गेली. सर तिचे मार्गदर्शक. भला माणूस. अलीजा तापाने फणफणली असताना त्यांनी अहवालाची मुदत वाढवून आणली होती.

"सर, मला अहवालात बदल करायचा आहे. तुळसाबाईंचं नाव घालायचं आहे."

"अगं, नाव न देण्याचा नियम त्यांच्याच भल्यासाठी आहे," सर समजावू लागले. "कुणाला त्रास होऊ नये म्हणून."

"बरोबर आहे सर. पण नाव लपवायचं की सांगायचं, हे आपण तिला विचारलं का?"

 "नाही," सर प्रामाणिकपणे म्हणाले. "मीही नाही सुचवलं." मग खुर्ची पुढे ओढून ते गंभीरपणे बोलू लागले. "पण अर्शिया, नुसतं आभारात नाव घालणं वेगळं. राखणीची कल्पना हे तुझ्या संशोधनाचं मर्म आहे. ती तुळसाबाईंची, असं तू लेखी दिलंस तर समिती विचारणार, मग तुमचं काय? पदक जाहीर झालंय, हातात पडलेलं नाही. ते परतही जाऊ शकतं. पुढच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्या पदकावरच आहे तुझा. नीट विचार कर."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून राहिली. पदक! गावातल्या मुली वाटेत थांबवून विचारत होत्या, "ताई, आमी पण परत शिकाया काय?" आणि तेच पदक परत गेलं तर? लोक काय म्हणतील? 'बघ, झेपाक नाय तिका. घरातल्या बाईन घरातच रवाचां.' कुणालाही कळलं नसतं सतराव्या पानाचं. तुळसा तर पुन्हा कधी विषयही काढणार नव्हती.

घरी आल्यावर तिने रुकय्याला सगळं सांगितलं. रुकय्या अलीजाच्या केसांना तेल लावत होती. तिचा हात थांबला नाही.

"माका तुझ्या विद्यापीठातलां कळणा नाय," ती म्हणाली. "पण एक विचारतंय. काल तू अब्बांका काय सांगलंस? 'माझां नाव लिवणा एवढां जड झालां?' अब्बांनी काय केल्यानी? एका शब्दान उलटां बोललेत नाय. फ्लेक्स उतरवल्यानी. गावभर हसां झालां, तरी उतरवल्यानी."

"पण अम्मी, तेंचो नुसतो फ्लेक्स गेलो. माझां पदक जातलां!"

"जातलां तर जांवदे!" रुकय्याचा आवाज एकदम चढला. "अगो, आपल्याक नाव मिळाक व्हयां म्हणान भांडणा सोपां. आपल्या हातान दुसऱ्याचां नाव लिवणा, तांय आपलां उणां करून, ही खरी परीक्षा. तिच्या पायान शिकलंस, आता तिच्या पाठीर उभी रवान पदक घालतलंस? गळ्यात काय पण पडांदे बाये, पण गळ्याक टोचूक नको!"

अलीजा दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "दादी, अम्मीक ओरडू नको," ती म्हणाली. आणि अर्शिया रडता रडता हसली.

दुपारी लेक झोपल्यावर तिने समितीला पत्र लिहायला घेतलं. पण लिहिण्याआधी, या खेपेला न चुकता, ती खाडीपलीकडे जाऊन तुळसाला विचारून आली.

तुळसाने सगळं ऐकून घेतलं. हातातल्या जाळीत अडकलेलं शेवाळ तिने काढून टाकलं. मग म्हणाली, "माझां नाव लिव. पण एकटीचां नको. राखण काय मी एकटी पाळतंय? हौसाबाय आसा, काशीबाय आसा, अकरा जणी आसंव आमी. सगळ्यांका इचार, होय म्हणतीत तेंची नावां लिव. आणि आयक, पाळी खंय आसत तां मात्र नकाशात दाखवू नको. नायतर सगळो गाव फावडी घेवन येतलो."

पाहा! जिला नंबर देऊन 'संरक्षण' दिलं होतं, तिला कशाचं संरक्षण हवं हे किती नेमकं ठाऊक होतं! संध्याकाळपर्यंत अकराही जणींचा होकार घेऊन अर्शियाने त्यांची नावं पत्रात लिहिली आणि अहवालातला नकाशा काढून टाकला.

*

समितीचं उत्तर आलं ते एका ओळीचं. 'समारंभाच्या दिवशी सकाळी समक्ष येऊन म्हणणे मांडावे.' पदकाचं काय, एक अक्षरही नाही.

शाहीदने टेम्पो काढला. सुकटाचा वास घालवायला आदल्या दिवशी तो तीनदा धुतला. पुढे मुस्तफाशेठ, मागे गाद्या टाकून रुकय्या, अर्शिया, अलीजा आणि हिरवं कोरं लुगडं नेसलेली तुळसा. फोंडाघाट चढताना तुळसा म्हणाली, "वास खंय गेलो गो? वासाबिगर माका झोप येणा नाय." सगळे हसले. अर्शियालाच काय ते हसू येत नव्हतं.

समितीच्या खोलीत लांब टेबलामागे पाच जण होते. अध्यक्षबाईंचे केस पांढरे, नजर करडी. पत्र त्यांच्यासमोर होतं.

"अर्शिया, तुम्ही लिहिलंय की पाळी राखण्याची पद्धत आणि त्यामागचं कारण, दोन्ही या बायकांनी तुम्हाला सांगितलं. मग तुमचं स्वतःचं काय?"

गुरुप्रसाद सर नेमके हेच म्हणाले होते.  अर्शियाच्या पायांना चिखलाची आठवण झाली. घसरतं ते रिकामं, बसून राहतं ते जिवंत!

"मोजणं माझं, मॅडम," ती म्हणाली. "दोन वर्षं, दर महिन्याला, ओहोटीच्या वेळी. त्यांना माहीत होतं, पण त्यांचं कुणी खरं मानत नव्हतं. ते खरं आहे, हे मी आकड्यांनी दाखवलं. माझं काम एवढंच आहे. ते लहान वाटत असेल तर पदक देऊ नका. पण त्यांचं काम माझ्या नावावर नको."

 एक सदस्य म्हणाले, "पण अशिक्षित बायकांना कारणही माहीत होतं, हे कशावरून? परंपरा म्हणून पाळत असतील."

"त्यांतल्या तुळसाबाई बाहेर बसल्यात सर. तुम्हीच विचारा."

तुळसा आत आली. खुर्ची दिली तर टोकावर बसली. त्या सदस्यांनी विचारलं, "आजी, एक पाळ का सोडता? देवासाठी?"

"देवासाठीच," तुळसा म्हणाली. "पण देव काय तिसरे खाता? देवाक सोडली म्हणान माणूस हात लावणा नाय, आणि माणूस हात लावणा नाय म्हणान पोरां वाढतत. तिसऱ्यांचीं पोरां. नखाएवढीं असतत, चिखलार पाय पडलो तर मरतत. एक वर्ष जाग्यार रवलीं की बाजूच्या दोनय पाळयेत पसरतत. तुमी रोज कोंबडी कापलास तर अंडां कोण घालतलां?"

अध्यक्षबाई टेबलावर हात आपटून मोठ्याने हसल्या. "अहो, माझ्या विद्यार्थ्यांना हे शिकवायला मला एक सत्र लागतं!"

त्यांनी इतरांकडे पाहिलं. एकेक मान हलली. मग त्या अर्शियाला म्हणाल्या, "पदक परत घेण्याचा प्रश्नच नाही. खऱ्या संशोधकाची पहिली खूण आज दाखवलीत. पण आज मानपत्राचा मजकूर बदलेल."

आणि तो बदलला! शेकडो माणसांनी भरलेल्या त्या सभागृहात, ध्वनिक्षेपकावरून, आधी नाव आलं, "अर्शिया शाहीद होडेकर!" आणि पाठोपाठ, "ज्यांच्या ज्ञानावर हे संशोधन उभं आहे, त्या तुळसा महादू तांडेल, हौसाबाई, काशीबाई..." अकराच्या अकरा नावं! एक गाळलं नाही. अर्शियाने तुळसाचा हात धरून तिला मंचावर नेलं. चिखलात भेगाळलेली ती पावलं लाल गालिच्यावरून अनवाणी चालली. टाळ्यांनी छत दणाणलं. मागच्या रांगेत मुस्तफाशेठ उभे राहिले होते आणि पेपराआड लपायची त्यांना गरज वाटत नव्हती. डोळे पुसत ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "अर्शिया! अर्शिया नाव तिचां. आमच्या घरातली!"

पदक अर्शियाने तुळसाच्या गळ्यात घातलं. तुळसाने ते दाताने चावून पाहिलं, आणि सगळं सभागृह हसून हसून पुन्हा टाळ्या वाजवू लागलं.

*

समारंभानंतर चौथ्या दिवशी मसुऱ्याच्या तिठ्यावर नवा फ्लेक्स लागला. मितेश मजकूर घ्यायला आला तेव्हा मुस्तफाशेठांनी स्वतः सांगितलं, "सुनेचो फोटो, तिका इचारून, ती देतली तो घाल. तुळसाबायचो तेच्या बाजूक. खाली अकरा नावां, मोठ्या अक्षरांत."

"आणि शेठ तुमचो फोटो?"

"माझ्या जाग्यार गुलाब घाल!" मुस्तफाशेठ गरजले. "मोठो घाल!"

दुकानाच्या पाटीचा रंगही त्याच आठवड्यात खरवडला गेला. आता तिथे 'रुकय्या मुस्तफा होडेकर, सुकी मासळी' असं आहे. रुकय्या येता-जाता पाटीकडे बघत नाही असं दाखवते, पण पुसायचं फडकं रोज तिच्याच हातात असतं.

वाचकहो, आपल्या घरात, कार्यालयात, शाळेत असे किती गुलाब आपण छापून ठेवले आहेत? कुणाची सून, कुणाची बायको, क्रमांक सात, 'आमच्याकडे काम करणारी'. यात कुणाचं मन काळं नसतं. ध्यानात येत नाही, एवढंच. पण ध्यानात न येणं हाही अन्यायच आहे, आणि तो सोसणारा माणूसही दुसऱ्यावर तोच अन्याय करून मोकळा होतो. म्हणून सन्मान मिळाला तर आधी मागे वळून पाहावं, आपण कुणाच्या पावलावर पाऊल टाकून इथवर आलो. आणि त्याला विचारून, त्याचं नाव मोठ्याने घ्यावं. नाव दिल्याने आपला मान घटत नाही. राखलेल्या पाळीसारखा तो तिप्पट होऊन परत येतो!

त्या संध्याकाळी सगळी मंडळी फ्लेक्स बघायला तिठ्यावर गेली. अकरा जणीही आल्या होत्या. आपापलं नाव कुठलं ते विचारून त्यावरून हात फिरवत होत्या. अलीजा शाहीदच्या खांद्यावर बसून एकेक नाव मोठ्याने वाचत होती. शेवटचं नाव संपलं तशी ती खाली वाकली.

"तुळसाआजी, अम्मीक तू शिकयलंस. तुका कोणी शिकयल्यान?"

"माझ्या सासवेन. बारा वर्षांची इलंय मी, तेवा तिणांच चिखलात नेल्यान."

"तिचां नाव खंय आसा? माका दिसणा नाय."

 तुळसाने हौसाबाईकडे पाहिलं, हौसाबाईने काशीबाईकडे. "आमी तिका आतेच म्हणू," तुळसा पुटपुटली. "सगळी आतेच म्हणत. नाव... नाव कोणी घेतल्याचां माका आठवणा नाय गो."

अलीजाने फ्लेक्सच्या तळाशी उरलेल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि आईकडे पाहिलं.

"अम्मी, मगे हयसर काय लिवचां?"

अर्शियाने लेकीचं बोट हातात घेतलं. नाव वाचावं तसं तिने ते त्या कोऱ्या पट्टीवरून हळूच फिरवलं.